हडसनकाठची वामकुक्षी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. खरं म्हणजे टाळलं असंही म्हणता येणार नाही. मी ती सांगतच आलो. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या आमच्या घरी, गणपतीच्या जेवणाला, मित्रांच्या डेकवर, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. फक्त मी सांगायचो ती गोष्ट खोटी होती. खरी आज लिहितो आहे. ज्या माणसाला लोक हसले तो माझा साडू. तो आता हयात नाही.

खोटी गोष्ट थोडक्यात अशी: नागपूरचे आमचे साडू अमेरिकेत आले, आम्ही चौघांनी मोटरहोम भाड्याने घेतली, त्यांनी त्यात सावजी मटण रांधलं, आणि त्या रश्श्याने आम्हा सगळ्यांना न्यूयॉर्कच्या समोर आडवं केलं. शेवटी मी म्हणायचो, "एवढ्या लांबून येऊन स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघायचा राहिला, उलट्याच मोजल्या." इथे हमखास हशा यायचा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे, पोट सुटलेले, आणि रांधण्यात पक्के. त्यांच्या नात्यागोत्यात कुठे कार्य निघालं की मटणाचं पातेलं त्यांच्याकडे असायचं. आचारी बोलावला असला तरी ते त्याला कांदे चिरायला बसवायचे. मसाला कोणाला भाजू द्यायचे नाहीत. लोक त्यांना जेवायला बोलावण्याऐवजी रांधायला बोलवायचे आणि त्यातच त्यांना मान वाटायचा. अमेरिकेला येताना त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि मसाले जास्त होते.

मोटरहोमची कल्पना त्यांचीच. फोनवर कुठले तरी व्हिडिओ बघून आले होते.

"हॉटेलात काय राहाचं जी साडूभाऊ?" ते म्हणाले. "आपलं घर, आपली चूल, अन् खिडकीतून न्यूयॉर्क!"

मला हे पटलं, कारण मलाही ती गाडी एकदा चालवून बघायची होती. मी जन्मभर रसायनांच्या कारखान्यांत काम केलं. भट्ट्या, बॉयलर, गॅसच्या लाइन्स आणि त्यांची सुरक्षितता हा माझा विषय. नव्या कामगारांना काय करू नये हे शिकवणं हा नोकरीचाच भाग होता. त्यामुळे गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाने आत नेऊन सगळं समजावलं, तेव्हा मी मान डोलावत होतो. छतावरच्या गोल डबीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ही धुरासाठीही आहे आणि विषारी वायूसाठीही, एकच आहे, हिला हात लावू नका. मी म्हणालो, मला माहीत आहे. ते मला खरोखरच माहीत होतं. बाकीचे तिघं तेव्हा बाहेर फोटो काढत होते.

आरव्ही पार्क, म्हणजे मोटरहोम उभ्या करून राहायची जागा, हडसन नदीच्या अलीकडच्या काठाला, न्यू जर्सीच्या बाजूला होता. पार्क म्हटल्यावर साडूंच्या डोळ्यांसमोर झाडं होती. निघाली ती खडी टाकलेली मोठी मोकळी जागा, कुंपण, आणि एकमेकींना खेटून उभ्या गाड्या. प्रत्येक जागेला विजेचा एक खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं भोक. पण उठून कुंपणापाशी गेलं की समोर पाण्यापलीकडे मॅनहॅटनच्या इमारती, आणि फेरीबोट हाकेच्या अंतरावर. लोक टेक्सासहून, कॅनडाहून शहर बघायला येऊन तिथे राहत. संध्याकाळी जो तो आपल्या दारासमोर घडीची खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करी. साडूंना ते फार आवडलं. "आपल्या मोहल्ल्यासारखंच आहे न," ते म्हणाले.

आमच्या शेजारी एक म्हातारी बाई तिच्या छोट्या ट्रेलरमध्ये एकटीच राहत होती. सोबत एक लंगडं कुत्रं. मी गाडी मागे घेताना घामाघूम झालो, तेव्हा तीच पुढे येऊन दोन्ही हात हलवत मला जागेत घेत होती. बायको आतून म्हणाली, "त्या बाईचं ऐका, आरशाचं ऐकू नका."

पहिल्याच फोडणीला छतावरची डबी किंचाळली. अमेरिकेतल्या मराठी घरांना हे नवीन नाही. एक जण फोडणी घालतो आणि दुसरा डबीखाली टॉवेल हलवत उभा राहतो. आमच्या घरी टॉवेलचं खातं माझ्याकडे आहे. पण मोटरहोमचं छत इतकं खाली की मोहरी तडतडायच्या आधीच धूर डबीत. ती ओरडली की शेजारचं कुत्रं ओरडायचं, मग पलीकडचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि साडूंनी मटणाचा बेत धरला होता. बायका पार्कच्या स्नानघरात आंघोळीला गेल्या होत्या. साडूंनी सुकं खोबरं भाजायला घेतलं आणि डबी पुन्हा सुरू झाली.

"कायची घंटा आहे जी ही? शाळा सुटली काय?"

"धुराची आहे," मी म्हणालो. "आत्ता गप्प करतो."

मी खुर्चीवर चढलो, डबी उघडली, बॅटरी काढली आणि जॅकेटच्या खिशात टाकली. जेवण झालं की परत लावायची असं मनात होतं.

"चूप झाली बाई एकदाची," साडू म्हणाले आणि खसखशीकडे वळले.

रस्सा झाला तेव्हा बाहेर पाऊस लागला होता आणि थंडी पडली होती. साडूंनी आमची ताटं वाढायच्या आधी स्टीलची एक मोठी वाटी भरली.

"ही शेजारच्या बाईले."

"अहो, इथे असं कोणी करत नाही," मी म्हणालो. "यांना दहा गोष्टी चालत नाहीत. उगाच तिला अवघडल्यासारखं होईल."

"वास तिच्या घरात जाऊन राहिला, अन् वाटी जाणार नाही? हे कोणत्या देशात चालते जी?"

"जाऊ द्या हो त्यांना," माझी बायको म्हणाली. "जावईबापू, तिखट आहे म्हणून सांगा मात्र."

ते छत्री घेऊन गेले. त्यांचं इंग्रजी कागदावरचं होतं, तोंडी फारसं नव्हतं. त्यांनी तिला काय सांगितलं ते आम्हाला खिडकीतून नुसतं हातवाऱ्यांवरून कळलं. ती हसत होती.

आम्ही जेवलो. असा रस्सा मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता. मेव्हणीने दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर रविवारी दुपारी मराठी माणसं जे करतात तेच आम्ही करायचं ठरवलं. बायका मागच्या पलंगावर आडव्या झाल्या, साडू बाकावर, आणि मी पुढच्या सीटवर मान टाकून.

पण मेव्हणीला थंडी सोसेना. गाडीच्या हीटरमधून नुसतं गार वारं येत होतं. विजेचा छोटा हीटर लावला तर भार वाढून खांबावरचं बटण पडलं. पावसात बाहेर जाऊन ते वर करायचा मला कंटाळा आला. मी शेगडीचे सगळे बर्नर बारीक करून पेटवून ठेवले. खिडक्या बंद होत्या. छतावरचा झरोका पावसासाठी मीच बंद केला होता. शेगडीच्या शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं की ऊब आणायला ही वापरू नये. मी ते वाचलं होतं. तसल्या पाट्या मी स्वतः कारखान्यांत लावल्या आहेत.

"आता बरं वाटतंय, भावोजी," मेव्हणी आतून म्हणाली.

त्यानंतरचं मला आठवतं ते कोणी तरी दार ठोठावत असल्याचं. आवाज फार लांबून येत होता. उठायला गेलो तर पाय आपले नव्हते. डोक्यात घण पडत होते. शेगडीची ज्योत निळी राहिली नव्हती, पिवळी झाली होती, आणि ती बघताक्षणी मला सगळं समजलं. इतकी वर्षं ज्या कार्बन मोनॉक्साइडबद्दल मी इतरांना सांगत आलो तो गाडीत भरला होता. मी कसाबसा धरत धरत गेलो, गॅस बंद केला आणि दार उघडलं.

पायरीवर शेजारीण उभी होती. हातात आमची वाटी, धुतलेली, आणि वाटीत तिने भाजलेल्या बिस्किटांचा पुडा.

"मी सगळं संपवलं," ती म्हणाली. "रडत रडत संपवलं. कुत्र्यालासुद्धा दिलं नाही." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुझा चेहरा कसला झालाय! बाहेर ये. बाकीचे कुठे आहेत?"

तिने आणि मी मिळून तिघांना बाहेर काढलं. पाऊस भुरभुरत होता, तरी तिने कोणाला आत थांबू दिलं नाही. आमच्या दारासमोरच्या कापडी छपराखाली खुर्च्या टाकल्या, घोंगड्या दिल्या. मेव्हणी उलट्या करत होती. साडूंना उभं राहवत नव्हतं. ते दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. त्या बाईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आतला अलार्म वाजला नाही?"

"चालू आहे," मी म्हणालो. "जेवण जड झालं."

"डॉक्टर?"

"नको. जेवणच आहे."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग पाणी आणायला गेली. ती गेल्यावर मी आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, खुर्चीवर चढलो आणि बॅटरी परत बसवली. डबीचा हिरवा दिवा लागला. त्या क्षणी चौघांना दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि मी दिवा लागल्याचं समाधान मानत उभा होतो.

बाहेर आलो तेव्हा बायको कपाळ दाबत म्हणत होती, "जावईबापू, काय घातलं होतंत हो त्यात? हत्तीला पाजायचा रस्सा आम्हाला पाजलात!"

मेव्हणी तर चिडलीच होती. "सांगून राहिली होती मी, परक्या देशात नका करू तुमचे हे प्रयोग!"

साडूंनी मान वर केली. "माझ्या रश्श्यानं आजवर कोणी पडलं नाही," ते म्हणाले. आणि मग एकदम आठवून, "पाहा न, त्या बाईनंही तोच खाल्ला! तिले काही झालं नाही! वाटी रिकामी करून आणली तिनं!"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. दारात तिच्याशी बोललो होतो तो मीच.

मी म्हणालो, "फेकून दिला असेल हो. वाटी धुऊन आणली, एवढंच. ही माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत."

बायको हसली. डोकं दुखत असतानाही हसली. मेव्हणीही हसली. साडू हसले नाहीत. त्यांनी खुर्चीशेजारी ठेवलेली वाटी उचलली आणि आत बघितलं, मग ती खाली ठेवली.

संध्याकाळपर्यंत मोकळ्या हवेत सगळ्यांना हळूहळू उतार पडला. समोर मॅनहॅटनचे दिवे लागले, मेव्हणीने त्यांचे फोटो काढले, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी सगळ्यांसाठी चहा केला. दारं-खिडक्या सताड उघडी ठेवून. त्या चहाच्या वेळीच सावजीची गोष्ट जन्माला आली. मीच ती पहिल्यांदा रंगवून सांगितली.

दुसऱ्या दिवशी निघताना शेजारीण कुत्र्याला घेऊन आली. बायका आत सामान आवरत होत्या. ती साडूंचा हात हातात घेऊन भरभर बोलायला लागली. असं जेवण तिने वर्षानुवर्षांत खाल्लं नव्हतं, नवरा गेल्यापासून तिला कोणी असं दारात आणून दिलं नव्हतं. मला म्हणाली, हे त्याला सांग. साडूंना तिचे उच्चार कळेनात. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणते?"

"तब्येतीची काळजी घ्या म्हणते," मी सांगितलं.

"थँक्यू, थँक्यू," साडू तिला म्हणाले.

मी खोटं का बोललो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती होती, आणि शरमही. ज्याने दुसऱ्यांना शिकवलं त्यानेच ही चूक केली, आणि तीही स्वतःच्या बायकोला आत निजवून. ते कबूल करण्यापेक्षा रश्श्याला नावं ठेवणं सोपं होतं. एकदा गोष्ट गाजली की मग ती परत घेणं दर वर्षी अवघड होत गेलं.

साडूंनी नंतर रांधणं सोडलं. घोषणा वगैरे केली नाही. कोणी बोलावलं की म्हणायचे, "आता आचाऱ्याले सांगा." पुढे मेव्हणीच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही नागपूरला गेलो. मटण केटररचं होतं. मांडवात कोणी तरी मला ती अमेरिकेची गोष्ट सांगायला लावली, आणि साडू समोर बसलेले असताना मी ती सांगितली. ते सगळ्यांबरोबर हसले. मग हात धुताना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"साडूभाऊ, एक विचारू? त्या बाईनं खरंच फेकला असंन काय हो?"

मी हात पुसत म्हणालो, "काय माहीत. आपलं तिखट त्यांना कुठे झेपतं?"

"नाही झेपत," ते म्हणाले. "बाई चांगली होती मात्र. वाटीत बिस्किटं टाकून आणली."

पुढे ते वारले. आम्ही त्यांना व्हिडिओवरूनच शेवटचं पाहिलं.

आता जे घडलं ते अलीकडचं आहे. माझ्या मुलाने कॅम्पर, म्हणजे तसलीच राहायची गाडी, घेतली. मुलाचा जन्म इथला, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. सुनेने त्यांच्या घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये उभ्या कॅम्परमध्येच पहिल्यांदा पोहे करायला घेतले. फोडणी पडली, डबी किंचाळली, नाती कानांवर हात ठेवून खिदळायला लागल्या. मुलगा स्टुलावर चढला.

"जस्ट पुल द बॅटरी, राइट?" तो म्हणाला. "नाही तर सगळी ट्रिप हेच चालणार."

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. मी त्याच्यावर असा कधी ओरडलेलो नाही. नाती हसायच्या थांबल्या.

"रिलॅक्स, बाबा. इट्स जस्ट फोडणी."

मग मी सांगितलं. तिथेच, पोह्यांची कढई शेगडीवर असताना, मुलगा स्टुलावर, सून हातात झारा घेऊन आणि बायको दारात. बॅटरी काढल्यापासून शेजारणीचं बोलणं खोटं सांगितलं तिथपर्यंत सगळं. वाक्यं येत गेली. मला वाटायचं, हे सांगितलं की काही तरी कोसळेल. कोसळलं काहीच नाही. मुलगा खाली उतरला आणि त्याने छतावरचा झरोका उघडला. मग तो म्हणाला, "वी कुड हॅव लॉस्ट यू बोथ," आणि कॅम्परबाहेर जाऊन उभा राहिला.

बायको आमच्या घरी आल्यावर म्हणाली, "मी निजले होते तिथे. तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत." दोन दिवस ती माझ्याशी तुटक वागली आणि तो तिचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन माझ्यापुढे धरला. "हिला सांगा. माझ्यादेखत सांगा."

मेव्हणीला सांगितलं. पडद्यावर ती ऐकत राहिली. तिच्या मागे मिक्सर चालू होता, तो कोणी तरी बंद केला.

"म्हणजे रस्सा बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"मले वाटे वय झालं, हात गेला यांचा. मीच सगळ्यांत जास्त बोलली त्यांना, भावोजी. मीच." ती रडली. मग नाक पुसून ती म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, असं मी नाही म्हणणार. मला उपयोग झाला. पोरांना सांगते आजच. सगळ्यांना सांगते." आणि जरा थांबून, "तुमच्यावर चिडायचं आहे मला. पण ते नंतर. आधी हे सांगू द्या."

त्या दुपारी मी सोफ्यावर आडवा झालो आणि गाढ झोपलो. हडसनकाठच्या त्या रविवारनंतर मी दुपारी झोपत नसे. बायको थट्टा करायची की म्हातारा इतका चळवळ्या कसा. जाग आली तेव्हा अंगावर शाल होती आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय हे मला त्या दिवशी कळलं. मेव्हणी आता फोनवर मला खडसावते. मागच्या वेळी म्हणाली, "भावोजी, तुमची ती फालतू गोष्ट मी सगळ्या खानदानात उलटी करून टाकली आहे." ते ऐकून मला बरं वाटतं.

ज्याला सांगायला हवं होतं त्याला मात्र सांगितलं नाही. संधी नव्हती असं नाही. लग्न आटोपून आम्ही परतलो तेव्हा साडू आम्हाला नागपूर विमानतळावर सोडायला आले होते. बायका आत रांगेत गेल्या होत्या. आम्ही दोघं गाडीच्या डिकीतून बॅगा काढत होतो. त्यांनी जड बॅग माझ्या हातातून घेतली, म्हणाले, "तुम्ही राहू द्या, तुमची कंबर." मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं होतं. सकाळपासून जुळवत होतो. ते ट्रॉली ढकलत पुढे, मी मागे. दारापाशी त्यांनी ट्रॉली माझ्याकडे दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तब्येतीला जपा."

म्हणायचं होतं ते असं: साडूभाऊ, त्या बाईने रस्सा फेकला नव्हता. रडत रडत संपवला होता, आणि ते तुम्हाला सांग म्हणून मला सांगितलं होतं. आजारी पडलो ते तुमच्या हातामुळे नाही, माझ्यामुळे. मी लोकांना तुम्हाला हसू दिलं, तुमचं पातेलं तुमच्यापासून हिरावलं. माझं फार चुकलं. मला माफ करा.